पान नव्हे, मूळ न्या : एलडीएपीएस जोडणीसाठी सर्व्हरचं सर्टिफिकेट एक्सपोर्ट करताना

‘तुमच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट एक्सपोर्ट करून पाठवा.’ नवं सॉफ्टवेअर बसवायला आलेल्या कंपनीकडून असा एका ओळीचा मेल येतो आणि आयटी विभागात ज्याच्या पदरात पडेल तो बिचारा विंडोजच्या खिडक्या उघडत बसतो. या एका ओळीचे निदान तीन अर्थ निघतात. सर्व्हरचं स्वतःचं सर्टिफिकेट (त्याचं डिजिटल ओळखपत्र), त्याच्यावर सही करणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट, किंवा गुप्त किल्लीसकट (प्रायव्हेट की) सगळा गठ्ठा. पहिला अर्थ घेतला तर काम आज चालतं आणि काही महिन्यांनी बंद पडतं. तिसरा घेतला तर सुरक्षेचं दिवाळं निघतं. हवा असतो तो बहुतेक वेळा दुसरा, आणि तेवढाच कुणी स्पष्ट लिहीत नाही.

एकच प्रसंग धरून चालू, म्हणजे पायऱ्या हवेत राहणार नाहीत. कंपनीत विंडोजचं ॲक्टिव्ह डिरेक्टरी आहे, म्हणजे सगळ्यांच्या युजरनेम-पासवर्डची मध्यवर्ती नोंदवही. टॉमकॅट या वेब सर्व्हरवर चालणारं, जावात लिहिलेलं हजेरीचं सॉफ्टवेअर नव्याने आलंय. कर्मचाऱ्यांनी त्यात आपल्या रोजच्याच युजरनेम-पासवर्डने लॉगिन करावं, अशी अपेक्षा आहे. म्हणजे हजेरीच्या सॉफ्टवेअरने डोमेन कंट्रोलरला, म्हणजे ती नोंदवही सांभाळणाऱ्या सर्व्हरला, विचारायचं की हा पासवर्ड बरोबर आहे का. साध्या एलडीएपीने (डिरेक्टरीला प्रश्न विचारायची ठरलेली भाषा), म्हणजे ३८९ पोर्टावरून असं विचारलं तर पासवर्ड तारेवरून उघडा जातो. म्हणून एलडीएपीएस, म्हणजे तीच भाषा पण कुलूपबंद, पोर्ट ६३६. इथे सर्व्हर आधी आपलं सर्टिफिकेट दाखवतो आणि समोरच्याला ते पटलं तरच पुढचं बोलणं होतं. आपल्याला करायचंय ते एवढंच : जावाला ते पटवायचं.

(या लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थात रोमन लिपीतच टाइप करायच्या.)

कुणाचा कोण

गावात नवखं पोर दिसलं की म्हातारी माणसं विचारतात, ‘कुणाचा रे तू?’ पोर बापाचं नाव सांगतं, ते ओळखीचं नसलं तर आजाचं. एखादं नाव ओळखीचं निघालं की मग ‘ये, बस’. सर्टिफिकेटची तपासणी याच चालीने होते. डोमेन कंट्रोलरच्या सर्टिफिकेटवर कुणाची तरी सही असते, त्या सही करणाऱ्याच्या सर्टिफिकेटवर आणखी कुणाची, आणि शेवटी एक असं सर्टिफिकेट येतं ज्याच्यावर त्याची स्वतःचीच सही असते. ते रूट, मूळ. अगदी खालचं, सर्व्हरचं, ते लीफ म्हणजे पान. मधली असतात ती इंटरमीजिएट. लहान कंपन्यांत मधलं कुणी नसतं, मुळालाच पान फुटलेलं असतं.

ओळखीच्या मुळांची यादी प्रत्येक सॉफ्टवेअर आपापली ठेवतं, आणि नवशिक्यांचा गोंधळ सगळ्यात जास्त इथे होतो. हजेरीचा सर्व्हर डोमेनमध्येच आहे, त्याच्यावरच्या विंडोजला कंपनीचं रूट ठाऊक आहे, ब्राउझर तक्रार करत नाही. मग जावा का अडतं? कारण जावाची यादी वेगळी, सीएसर्ट्स नावाच्या फाइलीत. विंडोजने ओळखलं म्हणून जावा ओळखेलच असं नाही.

आता पान का न्यायचं नाही, ते सांगतो. एका ग्राहकाकडे आम्ही नेमकं तेच केलं होतं. डोमेन कंट्रोलरचं स्वतःचं सर्टिफिकेट काढलं, जावाच्या यादीत घातलं, लॉगिन चाललं, पेढे वाटले. पुढच्या वर्षी एका सकाळी एकाचंही लॉगिन होईना. कुणी कशाला हात लावला नव्हता. यादीतलं सर्टिफिकेट उघडून पाहिलं तर त्याची मुदतही संपलेली नव्हती, आणि त्यामुळेच आम्ही निम्मा दिवस भलतीकडे शोधत राहिलो. झालं होतं असं की विंडोजच्या नेहमीच्या मांडणीत डोमेन कंट्रोलरचं सर्टिफिकेट एका वर्षाचं असतं आणि मुदत संपायच्या सहा आठवडे आधी ते आपोआप नवं घेतलं जातं. म्हणजे साडेदहा महिन्यांनीच सर्व्हर नवं पान दाखवू लागला होता आणि आमच्या यादीत जुनं पान होतं. रूट घातलं असतं तर नव्या पानावरही त्याच मुळाची सही होती, कुणाला कळलंसुद्धा नसतं. शिवाय डोमेन कंट्रोलर बहुधा एकापेक्षा जास्त असतात, एकाचं पान दुसऱ्याच्या उपयोगाचं नाही.

याला अपवाद दोन. सर्व्हरचं सर्टिफिकेट सेल्फ-साइन्ड असेल, म्हणजे सही करणारं वर कुणीच नसेल, तर तेच पान आणि तेच मूळ. नाइलाजाने ते न्यावं लागतं, पण त्यापेक्षा कंपनीची स्वतःची सर्टिफिकेट अथॉरिटी, म्हणजे सही करणारी यंत्रणा, उभी करा असं मी सांगेन. दुसरा अपवाद म्हणजे सर्टिफिकेट डिजिसर्ट किंवा लेट्स एन्क्रिप्टसारख्या सार्वजनिक संस्थेचं असणं. त्यांची मुळं जावात आधीच असतात. तरीही जोडणी अडत असेल तर बहुतेक वेळा सर्व्हर मधलं सर्टिफिकेट पाठवायला विसरलेला असतो. दुरुस्ती सर्व्हरवर करायची, समोरच्याला फाइली पाठवून नव्हे.

आधी बाहेरून पाहा

एक्सपोर्टला हात घालण्याआधी हजेरीच्या सर्व्हरवर जा आणि तिथून डोमेन कंट्रोलर काय दाखवतोय ते पाहा. ओपनएसएसएल (सर्टिफिकेटं तपासायचं टर्मिनलवरचं साधन) असेल तर :

ओपनएसएसएल एस_क्लायंट -कनेक्ट डीसी१.उदाहरण.लोकल:६३६ -सर्व्हरनेम डीसी१.उदाहरण.लोकल -शोसर्ट्स

पडद्यावर बराच मजकूर सांडेल. त्यात सर्टिफिकेट चेन असा भाग असतो, आणि त्यात शून्य, एक, दोन असे क्रमांक. प्रत्येक क्रमांकाखाली ‘एस’ पुढे सर्टिफिकेट कुणाचं ते आणि ‘आय’ पुढे सही कुणाची ते. शून्यावर पान. शेवटच्या क्रमांकाच्या ‘आय’पुढचं नाव कागदावर लिहून ठेवा, आपल्याला त्याचंच सर्टिफिकेट हवं आहे.

इथे एक मोह होतो. हे सगळं पडद्यावर आलंच आहे, बिगिन सर्टिफिकेट ते एंड सर्टिफिकेट कॉपी करून फाइल बनवली की झालं! दोन कारणांनी नको. एक तर बरेच सर्व्हर रूट पाठवतच नाहीत. पाठवणं नियमाने बंधनकारक नाही, कारण समोरच्याकडे ते आधीच असेल असं गृहीत धरलेलं असतं. म्हणजे कॉपी कराल ते बहुधा पान किंवा मधलंच असेल. दुसरं कारण मोठं. ज्या तारेवर आपला विश्वास नाही म्हणून हा सगळा खटाटोप, त्याच तारेवरून आलेलं सर्टिफिकेट खरं मानायचं म्हणजे चोरालाच विचारायचं, ‘तू चोर नाहीस ना?’

मधे तपासणी करणारा फायरवॉल बसवलेला असेल तर इथे भलतंच नाव दिसतं. ‘आय’पुढे तुमच्या अथॉरिटीऐवजी फायरवॉलचं नाव आलं, तर तपासणीतून ही वाट वगळायला नेटवर्कवाल्यांना सांगा आणि मगच पुढे जा.

जोडणीच झाली नाही, नुसता वेळ जात राहिला, तर सर्टिफिकेटचा प्रश्न अजून आलेलाच नाही. ६३६ पोर्ट उघडा नाही.

विंडोजवरून एक्सपोर्ट

डोमेन कंट्रोलरवर रन उघडून सर्टएलएम.एमएससी टाइप करा. सर्टएमजीआर.एमएससी नव्हे. नावं जुळ्या भावांसारखी आहेत, पण दुसरं तुमच्या युजरचा साठा दाखवतं आणि आपल्याला यंत्राचा हवा आहे.

डावीकडे पर्सनल, त्याखाली सर्टिफिकेट्स. उजवीकडे या यंत्राची सर्टिफिकेटं दिसतील. एकाहून जास्त असतील तर गोंधळू नका. मघाशी ओपनएसएसएलने शून्यावर दाखवलेलं जे आहे ते शोधा, अनुक्रमांक किंवा मुदतीच्या तारखा जुळवून. त्याच्यावर डबल क्लिक करा.

उघडलेल्या खिडकीत तिसरा टॅब सर्टिफिकेशन पाथ. इथे सगळी वंशावळ उतरंडीसारखी दिसते. सगळ्यात वरचं नाव निवडा आणि व्ह्यू सर्टिफिकेट दाबा. आता जी नवी खिडकी उघडली ती मुळाची. तिच्या जनरल टॅबवर इश्यूड टू आणि इश्यूड बाय या दोन्ही ओळींत एकच नाव असलं पाहिजे. असेल तर डिटेल्स टॅब, कॉपी टू फाइल.

ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन अथॉरिटीज या फोल्डरात जाऊनही तेच सर्टिफिकेट सापडतं. पण अथॉरिटीचं कधी नूतनीकरण झालं असेल तर तिथे एकाच नावाची दोन-तीन रूटं असतात आणि हमखास चुकीचं उचललं जातं. वंशावळीतून वर गेलं की ती भीती नाही.

विझार्डमध्ये आता एक खूण लक्षात ठेवा. ‘प्रायव्हेट की एक्सपोर्ट करायची का’ असा प्रश्न विझार्डने विचारला, तर थांबा. या यंत्रावर ज्या सर्टिफिकेटची किल्ली आहे, त्याच्याच बाबतीत तो प्रश्न येतो. डोमेन कंट्रोलरवर मुळाची किल्ली नसते (अथॉरिटी त्याच यंत्रावर बसवलेली नसेल तर), म्हणून मुळासाठी विझार्ड थेट फॉरमॅटवर जातो. प्रश्न आला म्हणजे तुम्ही बहुधा पानावर आहात. कुठल्याही परिस्थितीत उत्तर ‘नो’.

फॉरमॅटमध्ये बेस-६४ एन्कोडेड एक्स.५०९ निवडा. पहिला पर्याय, डीईआर, तोही चुकीचा नाही. आत माहिती तीच, फक्त ती बायनरी असते, नोटपॅडमध्ये उघडली तर कचरा दिसतो. बेस-६४ मेलमधून, चॅटमधून, कुठूनही धडपणे जाते आणि उघडून डोळ्यांनी पाहता येते. तिसरा पर्याय पी७बी, त्यात अख्खी वंशावळ एका फाइलीत येते. या कामाला तो नको. पहिल्या दोन्ही पर्यायांत फाइलीचं शेपूट .सीईआर असंच असतं, त्यामुळे नुसत्या नावावरून आत काय आहे ते कळत नाही.

फाइल जतन झाली की नोटपॅडमध्ये उघडून पाहाच. पहिली ओळ पाच आडव्या रेघा, बिगिन सर्टिफिकेट, पुन्हा पाच रेघा. फाइलीत कुठेही प्रायव्हेट की हे शब्द दिसले तर ती फाइल जागच्या जागी नष्ट करा आणि पहिल्यापासून सुरुवात करा.

डोमेन कंट्रोलरवर लॉगिन करायची परवानगी नसेल तर अथॉरिटी सांभाळणाऱ्याला विनंती करा. अथॉरिटीच्या यंत्रावर (सर्टयुटिल हे साधन विंडोजमध्येच असतं) सर्टयुटिल -सीए.सर्ट आणि पुढे फाइलीचं नाव, एवढी एक आज्ञा त्याला पुरते. ॲक्टिव्ह डिरेक्टरीऐवजी लिनक्सवरचं फ्रीआयपीए असेल तर काम आणखी सोपं. त्याच्या सर्व्हरवर ईटीसीतल्या आयपीए फोल्डरात सीए.सीआरटी नावाने मूळ तयारच ठेवलेलं असतं.

किल्लीबद्दल जरा सविस्तर

सर्टिफिकेट ही जाहीर गोष्ट आहे. जो जो ६३६ वर येतो त्याला सर्व्हर ती स्वतःहून दाखवतो, त्यामुळे ती मेलने पाठवण्यात धोका नाही. प्रायव्हेट की मात्र सर्व्हरच्या बाहेर गेली की ज्याच्या हाती पडेल त्याला ‘मीच डोमेन कंट्रोलर’ म्हणून उभं राहता येतं. आणि विंडोजमध्ये .पीएफएक्स शेपटाची फाइल म्हणजे सर्टिफिकेट आणि किल्ली एकत्र. समोरून ‘पीएफएक्स पाठवा’ अशी मागणी आली तर नम्रपणे विचारा, कशासाठी? दहातल्या नऊ वेळा उत्तर येतं, ‘अच्छा, मग सीईआर चालेल.’ मागणाऱ्याने जुन्या कुठल्यातरी प्रोजेक्टचा मेल तसाच पुढे ढकललेला असतो.

पीएफएक्सची खरी गरज पडते ती तोच सर्व्हर दुसऱ्या यंत्रावर हलवताना किंवा लोड बॅलन्सरवर (येणारं काम अनेक सर्व्हरांत वाटणारं यंत्र) सर्टिफिकेट बसवताना. काही जोडण्यांत सर्व्हर उलट सॉफ्टवेअरचंही सर्टिफिकेट मागतो. तिथेसुद्धा किल्ली सॉफ्टवेअरच्या यंत्रावरच तयार करायची, सहीसाठी फक्त विनंतीची फाइल पाठवायची आणि सही होऊन आलेलं सर्टिफिकेट परत घ्यायचं. किल्लीने प्रवास करायचाच नाही.

चुकून गेलीच असेल तर ‘मेल डिलीट करा हं’ म्हणून भागत नाही. ते सर्टिफिकेट रद्द करून नव्या किल्लीवर नवं घ्यावं लागतं. लाजेने लपवू नका, त्याच दिवशी सांगा.

ठसा जुळवणं

फाइल हजेरीच्या सर्व्हरवर पोचली. वाटेत ती बदलली नाही कशावरून? सर्टिफिकेटचा फिंगरप्रिंट, म्हणजे अंगठ्याचा ठसा, दोन्ही टोकांना काढायचा आणि फोनवर वाचून जुळवायचा. फाइल ज्या मेलने आली त्याच मेलमध्ये ठसा पाठवला तर जुळवण्याला अर्थ राहत नाही. मधे बसलेल्याने फाइल बदलली असेल तर तो ठसाही बदलेल.

हजेरीच्या बाजूने (कीटूल हे साधन जावाबरोबरच येतं) कीटूल -प्रिंटसर्ट -फाइल रूट.सीईआर ही आज्ञा द्या. मालक, सही करणारा, तारखा आणि ठसे सगळं छापून येतं. विंडोजच्या डिटेल्स टॅबवर थंबप्रिंट दिसतो तो एसएचए-१ या पद्धतीने काढलेला. कीटूल एसएचए-१ आणि एसएचए-२५६ दोन्ही दाखवतं, त्यामुळे चाळीस अक्षरांचा ठसा चाळीसच्याशी जुळवा, चौसष्टच्याशी नव्हे. एक फसगत मी स्वतः अनुभवलीय. सर्टयुटिलची हॅशफाइल ही आज्ञा बेस-६४ फाइलीवर चालवली तर भलताच आकडा येतो, कारण ती फाइलीतल्या अक्षरांचा ठसा काढते आणि सर्टिफिकेटचा ठसा आतल्या मूळ बायनरी मजकुराचा असतो. ‘फाइल बदलली!’ म्हणून मी आरडाओरडा करून बसलो होतो.

एवढी काळजी कशाला, असं वाटेल. मूळ यादीत घालणं म्हणजे त्या मुळाच्या सहीने येणारं कुठलंही नाव मान्य करणं असतं, फक्त तुमच्या डोमेन कंट्रोलरचं नव्हे. जुलै २०१४ मध्ये भारतातच याचा धडा मिळाला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या सर्टिफिकेट अथॉरिटीकडून गूगलच्या काही डोमेनसाठी अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं गूगलच्या लक्षात आलं. एनआयसीवर भारताच्या प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकाच्या मुळाची सही होती आणि ते मूळ मायक्रोसॉफ्टच्या यादीत होतं. म्हणून विंडोजच्या यादीवर विसंबणाऱ्या सॉफ्टवेअरला ती सर्टिफिकेटं खरी वाटू शकत होती. स्वतःची वेगळी यादी ठेवणारा फायरफॉक्स त्यातून सुटला. नियंत्रकाने एनआयसीची मधली सर्टिफिकेटं लगेच रद्द केली. कुठल्या यादीत कुठलं मूळ, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नाही.

जावाच्या यादीत घालणं

पहिला प्रश्न : कोणतं जावा? सर्व्हरवर तीन-तीन जावा नांदत असतात. एक सिस्टीमबरोबर आलेलं, एक कुणीतरी टाकलेलं, एक सॉफ्टवेअरच्या पोटात. टर्मिनलवर जे उत्तर देतं तेच टॉमकॅट वापरतो असं नाही. चालू प्रोसेसचा पूर्ण मार्ग पाहा. विंडोजवर सर्व्हिस म्हणून टॉमकॅट चालत असेल तर त्याच्या सेटिंगच्या खिडकीत जावा नावाचा टॅब असतो, तिथे पाहा.

त्या जावाच्या फोल्डरात लिब, त्यात सिक्युरिटी, त्यात सीएसर्ट्स. जावा ८ मध्ये लिबच्या आधी जेआरई असा आणखी एक फोल्डर लागतो. सगळे धडे थेट या फाइलीत इंपोर्ट करायला सांगतात. मी सांगत नाही. कारण जावाचं नवं व्हर्जन आलं की फोल्डर नवा, फाइल नवी, आणि तुमचं मूळ गायब. सुरक्षा अपडेटच्या रात्री लॉगिन बंद पडतं आणि शिव्या अपडेटला बसतात.

त्यापेक्षा सीएसर्ट्सची प्रत सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या कॉन्फिग फोल्डरात, समजा हजेरी-ट्रस्ट.पी१२ नावाने काढा आणि त्यात घाला :

कीटूल -इंपोर्टसर्ट -एलियस कंपनी-रूट-२०२५ -फाइल रूट.सीईआर -कीस्टोअर हजेरी-ट्रस्ट.पी१२

एलियस म्हणजे यादीत त्या सर्टिफिकेटला आपण दिलेलं नाव. फाइलीचं शेपूट जावा पाहत नाही, आतला प्रकार ते स्वतः ओळखतं. पासवर्ड विचारू शकतं. जावाबरोबर येणारा ठरलेला पासवर्ड आहे चेंजइट, म्हणजे ‘हा बदला’, आणि जगभरात तो कुणी बदलत नाही. या फाइलीत गुप्त काही नसतं, त्यामुळे पासवर्डपेक्षा फाइलीत लिहिण्याची परवानगी कुणाला आहे हे जास्त महत्त्वाचं. शेवटी ‘ट्रस्ट धिस सर्टिफिकेट?’ असा प्रश्न येतो. नुसतं एंटर दाबलं तर उत्तर ‘नाही’ धरलं जातं. पूर्ण ‘येस’ टाइप करा.

एका फाइलीत दोन-तीन सर्टिफिकेटं एकाखाली एक चिकटवलेली असतील तर कीटूल फक्त पहिलंच घेतं आणि बाकीच्यांबद्दल चकार शब्द काढत नाही. मधलं सर्टिफिकेट घालायची वेळ आली (सर्व्हर ते पाठवत नसेल तर येते), तर वेगळी फाइल आणि वेगळा एलियस.

आता जावाला ही यादी दाखवायची. सुरू होतानाच्या पर्यायांत -डीजावाएक्स.नेट.एसएसएल.ट्रस्टस्टोअर बरोबर फाइलीचा पूर्ण मार्ग, आणि तसाच ट्रस्टस्टोअरपासवर्ड. लिनक्सवर टॉमकॅटच्या बिन फोल्डरातल्या सेटएन्व्ह.एसएचमध्ये कॅटालिना_ऑप्ट्समध्ये घाला. विंडोज सर्व्हिससाठी सेटएन्व्ह.बॅट फाइल चालत नाही, सर्व्हिस ती वाचतच नाही. तिथे त्या जावा टॅबमध्येच लिहावं लागतं. यावर कित्येकांनी संध्याकाळी घालवल्या आहेत.

प्रत काढायला का सांगितलं, रिकामी नवी फाइल का नाही, तेही बोलतो. हा पर्याय दिला की जावा आपली मूळ यादी पूर्ण बाजूला ठेवतं. नव्या फाइलीत फक्त कंपनीचं रूट असेल तर एलडीएपीएस चालेल, पण त्याच सॉफ्टवेअरचं एसएमएस गेटवेशी, मेल सर्व्हरशी बोलणं त्या क्षणी बंद. प्रतीत ती सगळी मुळं राहतात. याची किंमत अशी की जावाच्या अपडेटबरोबर येणारी नवी सार्वजनिक मुळं तुमच्या प्रतीत आपोआप येत नाहीत, वर्षातून एकदा प्रत नव्याने काढावी लागते. मला हा सौदा परवडतो.

टॉमकॅट रीस्टार्ट करा. यादी सुरुवातीलाच वाचली जाते.

लॉग काय म्हणतोय

‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’ म्हणजे वंशावळ ओळखीच्या नावापर्यंत पोचली नाही. मूळ चुकीचं, मधलं गायब, किंवा जावा भलतीच यादी वाचतंय. शेवटचं सगळ्यात जास्त वेळा. जावाएक्स.नेट.डीबग हा पर्याय एसएसएल:ट्रस्टमॅनेजर अशा किमतीने चालू करा. लॉगमध्ये ‘ट्रस्टस्टोअर इज’ अशी ओळ येते आणि कोणती फाइल उघडली ते कळतं. ते पाहून झालं की पर्याय बंद करा, नाहीतर लॉग फुगत जातो.

‘नो सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह’ने सुरू होणारी तक्रार आली तर आनंद माना, मूळ पटलंय. आता नाव जुळत नाही. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये आयपी पत्ता लिहिला असेल तर सर्टिफिकेटवरचं पूर्ण नाव लिहा. जुलै २०१८ मध्ये आलेल्या जावा ८च्या १८१व्या अपडेटपासून एलडीएपीएससाठीही नावाची तपासणी आपोआप होते. त्याआधी चालणाऱ्या कित्येक जोडण्या त्या दिवशी पडल्या. नावाची तपासणी बंद करणारा पर्याय जावात आहे आणि इंटरनेटवर प्रत्येक जण तो सुचवतो. घालू नका. सर्टिफिकेट खरं आहे पण ते कुणाचं आहे ते विचारायचं नाही, असा त्याचा अर्थ होतो. अनेक डोमेन कंट्रोलरसाठी एकच डोमेनचं नाव वापरायचं असेल, तर विंडोजचा केर्बेरॉस ऑथेंटिकेशन हा सर्टिफिकेट टेम्प्लेट डोमेनचं नावही सर्टिफिकेटवर छापतो, तो वापरायला सांगा.

ओपनएसएसएलला -सीएफाइल रूट.सीईआर देऊन तपासलं आणि शेवटी व्हेरिफाय रिटर्न कोड शून्य आला, तरी जावा अडू शकतं. एस_क्लायंट स्वतःहून नाव तपासत नाही, त्याला -व्हेरिफाय_होस्टनेम वेगळं सांगावं लागतं.

‘प्रोटोकॉल व्हर्जन’ असा शब्द दिसला तर सर्टिफिकेटची काही चूक नाही. एप्रिल २०२१च्या अपडेटपासून जावाने टीएलएस (जोडणी कुलूपबंद करायची पद्धत) १.० आणि १.१ बंद केलेत, आणि जुना सर्व्हर त्याच्या वर जात नसेल.

सॉफ्टवेअर जावातलं नसलं तरी एक्सपोर्टपर्यंतची वाट हीच. फक्त यादी वेगळी. नोडसाठी नोड_एक्स्ट्रा_सीए_सर्ट्स हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, पायथनच्या रिक्वेस्ट्ससाठी रिक्वेस्ट्स_सीए_बंडल. डेबियन-उबुंटूच्या सिस्टीम यादीत घालताना फाइलीचं शेपूट .सीआरटी असायलाच हवं, .सीईआर असेल तर ती मुकाट्याने वगळली जाते.

तारखा

विंडोजची अथॉरिटी बसवताना कुणी काही बदललं नसेल तर रूट पाच वर्षांचं असतं. आज एक्सपोर्ट केलेल्या मुळाची किती वर्षं उरलीत ते आत्ताच पाहा. कदाचित आठच महिने असतील. अशा तारखा मोठमोठ्यांच्याही लक्षात राहत नाहीत. ३ फेब्रुवारी २०२० रोजी मायक्रोसॉफ्टचं टीम्स मुदत संपलेल्या सर्टिफिकेटमुळे बंद पडलं होतं. ३० सप्टेंबर २०२१ला लेट्स एन्क्रिप्टला आधार देणारं जुनं डीएसटी रूट सीए एक्स३ संपलं, तेव्हा यादी अद्ययावत नसलेली आणि जुन्या ओपनएसएसएलवर चालणारी यंत्रं अडली.

सार्वजनिक सर्टिफिकेटांची मुदत तर आक्रसतच चाललीय. सप्टेंबर २०२० पासून ३९८ दिवस होती, १५ मार्च २०२६ पासून कमाल २००, २०२७च्या मार्चपासून १०० आणि २०२९च्या मार्चपासून ४७. कंपनीच्या आतल्या अथॉरिटीला हे बंधन नाही. पण कुठल्या जोडणीत कुणी सार्वजनिक सर्टिफिकेटचं पान यादीत घालून ठेवलं असेल, तर त्याला दर दीड महिन्याला हा लेख वाचावा लागेल.

रूट बदलायची वेळ येते तेव्हा नवं मूळ यादीत आधी घाला आणि जुनंही राहू द्या. दोन्ही एकत्र नांदतात, एलियसमध्ये वर्ष लिहायचं ते यासाठीच. मग एकेका डोमेन कंट्रोलरवर सर्टिफिकेट नवं होऊ द्या. प्रत्येकाला एस_क्लायंटने विचारा आणि तो नव्या मुळाची सही असलेलं सर्टिफिकेट दाखवतोय का पाहा : ‘आय’पुढच्या नावावरून, आणि मुळाचं नाव तेच राहिलं असेल तर तारखांवरून. शाखेतला एखादा डोमेन कंट्रोलर हमखास मागे राहिलेला असतो. तोही बदलला, की कीटूल -डिलीट आणि जुन्या वर्षाचा एलियस.